वाळूत सोडलेला वाटा

ख्रिस्तासारखं व्हायचं, असं मी तेविसाव्या वर्षी ठरवलं आणि सुरुवात दाढीपासून केली.

आमच्या घरातल्या तसबिरीतला येशू मोठा देखणा होता. मऊ दाढी, मधोमध भांग, डोळे किंचित खाली. डोळे खाली करणं मला लगेच जमलं. भांगही जमला. दाढीने मात्र दगा दिला. हनुवटीवर चार केस, कानांपाशी सहा, आणि मधला सगळा मुलूख ओसाड. पंधरा दिवस मी ती तशीच मिरवली. शेवटी आमची माय चुलीपुढून मान वर करून म्हणाली, "ख्रिस्तासारखो खंय, बोकडासारखो दिसतंस!"

दुसऱ्या दिवशी दाढी काढली, आणि ख्रिस्तासारखं होण्याचा दुसरा रस्ता शोधायला लागलो. तो रस्ता मला थेट चाळीस माणसांपुढे घेऊन गेला, आणि तिथे माझी जी काही हजामत झाली तिच्यापुढे ती पहिली काहीच नव्हे.

मी धंद्याने शिंपी. मालवणच्या बाजारात एका दुकानाच्या ओट्यावर माझं मशीन होतं. पण दुकान उघडायचं उन्हं वर आल्यावर. त्याआधी वाडीतल्या बाकीच्यांबरोबर मीही किनाऱ्यावर रापण ओढायला जात असे. रापण म्हणजे भलंमोठं जाळं. होडीतून ते समुद्रात अर्ध्या कड्यासारखं सोडत जायचं, दोन्ही टोकांचे दोर वाळूवर आणायचे आणि दोन रांगा करून सगळ्यांनी मिळून ते ओढायचं. पुढाऱ्याला तांडेल म्हणत. दोराला हात लावला की मासळीत वाटा, मग तो गाबीत असो, भंडारी असो की आमच्यासारखा किरिस्ताव. समुद्र जात विचारत नाही, असं कुणी तिथे म्हणत नसे. म्हणायची गरजच नव्हती, दम लागलेला असे.

आता उपवासकाळाचं सांगतो. राखेच्या बुधवारी फादर कपाळावर राख लावीत आणि तिथून ईस्टरपर्यंत आम्ही काही ना काही सोडायचं. मांस तर वर्ज्यच. यात आमची चंगळ अशी, की मासळी मांसात धरत नाहीत. घाटावरचे आमचे धर्मबंधू शुक्रवारी बिचारे डाळीवर दिवस काढीत असतील, आम्ही मात्र चेहऱ्यावर पश्चात्ताप आणून बांगड्याचं तिखलं ओरपत असू. फादर गोव्याकडचे, तिरकस बोलणारे. एकदा प्रवचनात म्हणाले, "तुमचे उपवास बघून स्वर्गातल्या संतांच्या तोंडाला पाणी सुटत असेल."

माझ्या आधीच्या त्यागांची कथा फार लांब नाही. एका वर्षी विडी सोडली, आणि विडी ओढणाऱ्यांचा धूर येईल अशा बाजूला बसायला लागलो. दुसऱ्या वर्षी चहातली साखर सोडली, आणि गूळ घालू लागलो. गूळ जरा जास्तच लागतो, हे त्या वर्षी कळलं.

त्या वर्षी मात्र फादरनी राखेच्या बुधवारी नवीनच काढलं. म्हणाले, वस्तू सोडणं सोपं आहे. येशूच्या मागे जायचं तर स्वतःलाच नाही म्हणावं लागतं. आणि जे कराल ते मुकाट्याने करा, गाजावाजा नको. मी पुढच्या बाकावर होतो. मला वाटलं, हे माझ्याकडे बघूनच चाललंय. शिवाय माझ्या मनात एक गोष्ट होती, ती आता सांगून टाकतो. पवित्र गुरुवारी फादर बारा जणांना इगर्जीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, पुढे बसवून त्यांचे पाय धुवत, येशूने आपल्या शिष्यांचे धुतले तसे. ते बारा जण गावातले भले म्हणून समजले जात. त्या बाकावर बसायची मला विलक्षण इच्छा होती. टाचेच्या भेगांना मी आधीपासूनच खोबरेल लावायला घेतलं होतं.

तर बेत असा ठरला. रोज रापणीला जायचं. सगळ्यात पुढे, कमरेएवढ्या पाण्यात दोर धरायचा. आणि वाटे झाले की आपला वाटा तिथेच सोडून, कुणाला काही न सांगता, निघून यायचं. मला हा बेत इतका आवडला की मी परसात एकदा तसं चालून पाहिलं.

मायला तेवढं सांगावं लागलं. "माय, ह्या चाळीस दिसांत मी मासळी हाडूचंय नाय."

"कित्याक? दर्यान तुका काय केल्यान?"

"उपास आसा माझो."

"तू खाव नको. माझ्या तोंडाक कित्याक कुलूप?"

मी डोळे खाली केले. त्या डोळे खाली करण्याने माय आयुष्यात जेवढी चिडली असेल तेवढं वडिलांनीही तिला चिडवलं नसेल. ती तडक शेजारणीकडे सुकट मागायला गेली.

आमचे वाटे घालायचं काम होतं आबांकडे. आबा सत्तरीकडे झुकलेले, हाडकुळे, आणि वाडीत त्यांना सगळेच आबा म्हणत, त्यांच्या वयाचेसुद्धा. मासळी वाळूवर ओतली की ते उकिडवे बसून तिचे ढीग घालीत. मोठा मासा एकीकडे गेला तर तिथले चार बारके दुसरीकडे. मग एक जण ढिगांकडे पाठ करून समुद्राकडे तोंड करून उभा राही. आबा काठीने एकेक ढीग दाखवून विचारत, "हो कोणाचो?" आणि तो न बघता सांगे, "थोरल्याचो," "पोस्टमनाचो," "मशीनवाल्याचो." मशीनवालो म्हणजे मी. असं केलं की कुणी कुणाची बाजू घेतली असं म्हणायला जागाच राहत नसे. तीस वर्षं आबांनी असे वाटे घातले होते आणि त्यावरून आवाज चढल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

पहिल्या दिवशी "मशीनवाल्याचो" म्हणून ढीग माझ्या वाट्याला आला. तारले होते, ताजे, चमकणारे. मी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, मंद हसलो आणि चालू लागलो. दहा पावलांवर एकदाच मागे वळून पाहिलं, कुणी बघतंय का म्हणून. सगळेच बघत होते.

दुसऱ्या दिवशीही तसंच. दोरावर नेहमीची थट्टामस्करी नव्हती. मी रांगेत येताच बोलणं थांबलं. मला वाटलं, हा आदर. तांडेल जवळ आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "काय रे मशीनवाल्या, काय बिनसला काय तुझा?"

मी तसबिरीतलं हसलो आणि मान हलवली. मुकाट्याने करायचं होतं ना!

तिसऱ्या दिवशी माझ्या नावाचा ढीग बाकीच्यांहून उघड मोठा होता. वर दोन गलेलठ्ठ बांगडे ठेवलेले. मी मनात म्हटलं, आला सैतान. असाच येतो तो, मोहाचं रूप घेऊन. मी त्या बांगड्यांवरून नजर काढून घेतली, आबांकडे पाहून ते मंद हसू पुन्हा एकदा हसलो, आणि निघालो. मागे कावळे उतरले. कुणाच्या वाट्याला दुसरा कुणी हात लावत नसे, त्यामुळे माझ्या त्यागाने त्या दिवसांत खूश कोण असेल तर ते कावळे.

चौथ्या दिवशी आबा आले नाहीत.

जाळं वर आलं, मासळी ओतली गेली, आणि सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. एकाने पुढे होऊन ढीग घातले. तिसऱ्या ढिगाशीच दोन सख्खे भाऊ एका लेपीवरून, बोटभर चपट्या माशावरून, एकमेकांच्या अंगावर गेले. ती लेपी ओढाताणीत फाटली. मी भांडण सोडवायला मधे पडलो आणि म्हटलं, "आबा खंय आज?"

तांडेलाने माझ्याकडे असं पाहिलं की हातातला दोर तो माझ्या गळ्यात घालील असं वाटलं.

"आबा येवचे नाय. तू तेंका चोर ठरवलंस, आता कशाक येतले?"

"मी? मी तर तोंडसुद्धा उघडूक नाय!"

"उघडलं आसतंस तर बरा झाला आसता. तीन दिस वाटो वाळूत टाकून जातंस, आणि वर हसतंस!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या वाडीत वाटा वाळूत सोडून जाण्याचा एकच अर्थ होता: मला कमी दिलंय, वाटणाऱ्याने लबाडी केलीय. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. लहानपणी मी ऐकलं होतं, कुणा एकाने असा वाटा सोडला आणि दोन वाड्या कित्येक वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. पण ते आजोबांच्या वेळचं. माझ्या देखत कुणीच कधी वाटा सोडला नव्हता, आणि पवित्र होण्याच्या नादात ते माझ्या लक्षातून साफ उतरलं. तिसऱ्या दिवशीचे ते दोन बांगडे सैतानाचे नव्हते. आबांनी आपल्या ढिगातले काढून माझ्या ढिगावर ठेवले होते. त्यांना वाटलं, खरंच आपला हात चुकला असेल. आणि मी त्यांच्याकडे बघून हसलो होतो.

"तोंडवलीक चलले लेकीकडे," तांडेल म्हणाला. "ट्रंक भरली. म्हणतत, ज्या हातावर इश्वास नाय तो हात हंय कशाक ठेवू?"

मी ओल्या कपड्यांनी आबांच्या घरी धावलो. ते पडवीत बसले होते. ट्रंक खरंच दाराशी होती, तिच्यावर छत्री आडवी ठेवलेली. माझ्यावर रागावतील असं मला वाटलं होतं. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

"बस," ते म्हणाले. "च्या घेतलंस?"

"आबा, तुमचो कायएक दोष नाय. माझो उपास आसा. आमचो, किरिस्तावांचो. म्हणान वाटो घेवक नाय."

आबांनी माझं बोलणं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ह्या माका कित्याक सांगतंस? मी कोणाक उणा दिलंय नाय, ता माका ठावक आसा. ज्येंका ठावक नाय तेंका सांग."

"तुमी तेंका सांगा ना, मी सांगलंय म्हणान."

"वा! चाळीस माणसांफुडे टाकलंस, आणि उचलूक एकटोच इलंस?"

एवढं बोलून त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला. त्या चहात साखर होती की गूळ, मला आजही सांगता येणार नाही.

तिथून मी इगर्जीत गेलो. पापकबुलीसाठी नव्हे, वशिल्यासाठी. फादर पडवीत बसून आपल्या चपलेचा पट्टा शिवत होते. मी सगळी हकीकत सांगितली आणि म्हटलं, "फादर, तुम्ही उद्या एकदा किनाऱ्यावर याल का? तुमच्या शब्दाला मान आहे."

"येऊन काय सांगू?"

"हेच, की हा मुलगा व्रतात आहे. त्याग करतो आहे. म्हणून वाटा घेत नाही."

फादरनी दाभण खाली ठेवला. "म्हणजे म्हाताऱ्याचं नाव धुवायला जायचं, आणि येताना तुझ्या डोक्यामागे तेजाचं कडं लावून यायचं?"

मी त्या चपलेकडे बघू लागलो.

"चार दिवस तू काय काय सोडलंस?"

"मासे, फादर."

"आणि आता काय सोडवत नाहीये?"

उत्तर मला ठाऊक होतं. मला बांगडा सोडता आला होता. वाडीने मला भला माणूस म्हणावं, हे काही सोडवत नव्हतं. उलट ते वाढावं म्हणूनच बांगडा सोडला होता. फादर आणि आबा एकमेकांना कधी भेटलेले नसावेत, पण दोघांनी मला एकाच जागेकडे पिटाळलं.

"आणि तो गुरुवारचा बाक," फादर चप्पल पायात घालून बघत म्हणाले. मी दचकलो. हे मी त्यांना कधीच बोललो नव्हतो. "तुझ्या टाचा सगळ्या गावाला दिसतात रे, खोबरेलाने चकाकतात. येशूसारखं व्हायचं आहे ना तुला? मग त्या संध्याकाळी तो कुठे होता बघ. बाकावर नव्हता. खाली होता, परात घेऊन." मग चप्पल काढून त्यांनी परत दाभण उचलला. "जा आता. मोठ्याने सांग, मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे."

जाता जाता पुन्हा आबांकडे वळलो आणि दारातूनच म्हटलं, "आबा, तोंडवलीक जावा, पण उद्या सकाळी एकदा येवा. मगे जावा."

त्यांनी छत्री ट्रंकेवरून उचलून खुंटीला लावली. पावसाचे दिवस नव्हते. मी त्यातून जे समजायचं ते समजलो.

दुसरा दिवस उजाडला. जाळं वर आलं. आबा आले होते, पण ढिगांपाशी नाही. लांब, वाळूवर ओढून ठेवलेल्या होडीला टेकून उभे होते, पाहुण्यासारखे. सगळे गोल झाले. मी मधे गेलो. रात्रभर मी एक भाषण बसवलं होतं, त्यात त्याग हा शब्द तीनदा येत होता. तोंड उघडलं आणि भाषण गेलं.

"आबांनी माका कधी उणा दिल्यानी नाय," मी म्हटलं. "माझो उपास आसा. म्हणान वाटो सोडलंय."

मागून कुणीतरी विचारलं, "खावचे नाय हुते, तर वढूक कित्याक इलंस?"

"तसा नाय... पुण्य..."

"मगे सांगूक काय झाला हुता? तोंडात काय बोळो हुतो?"

"गुपचूप करूचा हुता."

"गुपचूप!" तांडेल ओरडला. "चाळीस माणसांच्या मधसून माघारी बघीत जातंस, ता गुपचूप?"

म्हणजे ते मागे वळून पाहणंही त्यांनी पाहिलं होतं. इथे मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं, आबांवरचा डाग गेला होता. पण आबा अजून होडीपाशीच होते. मी म्हटलं, "माका मोठेपण व्हया हुता. लोकांनी बरो म्हणूचा, फादरांनी पवित्र गुरुवारी फुडे बसवूचा, म्हणान केलंय. देवासाठी थोडा हुता, माझ्यासाठी जास्ती. आबांची बदनामी झाली ती माझ्या हौशीपायी."

त्या भांडलेल्या भावांपैकी धाकटा म्हणाला, "म्हणजे पुण्य तुका आणि बोंब आबांक!" आणि जो काही हशा उठला, तो पार दीपस्तंभापर्यंत गेला असेल. "आबा, ह्येच्या पुण्याचेय वाटे घाला!" "माझ्या वाट्याक शेपटीकडचा पुण्य नको हां!" "रे, पुण्याक बर्फ लागता काय?" मी मधे उभा. कान तापलेले, पाय ओल्या वाळूत रुतलेले. पळून जायची इतकी इच्छा मला नंतर फक्त एकदाच झाली, माझ्या लग्नात.

हसता हसता कधीतरी आबा होडीपासून निघाले आणि ढिगाऱ्याशी येऊन उकिडवे बसले. कुणी त्यांना या म्हटलं नाही. जागा तेवढी करून दिली. त्यांचे हात मासळीत गेले आणि गलका आपोआप थांबला.

वाटे झाले. आबा माझ्याकडे बघून म्हणाले, "तू ऱ्हव. पाठ कर."

मी ढिगांकडे पाठ करून समुद्राकडे तोंड केलं. हा मान होता की शिक्षा, कळेना. काठी वाळूत टेकल्याचा आवाज यायचा, "हो कोणाचो?" आणि मी एकेक नाव सांगायचो. मी मनात एक ठरवलं होतं, आपलं नाव अगदी शेवटी घ्यायचं. सगळ्यांना पोचल्यावर उरेल तो ढीग आपला. झालं! त्यागाची खोड इतक्या सहज जात नाही.

"हो कोणाचो?" आबांनी शेवटचं विचारलं.

"माझो," मी म्हटलं, शक्य तितक्या नम्र आवाजात.

मागे असा आरडाओरडा झाला की मी गर्रकन वळलो. माझ्या ढिगावर सुरमई होती. त्या दिवसाची एकुलती एक, हाताएवढी लांब.

"बघा रे, बघा संत!" "चाळीस दिसांचो उपास एका दमात फेडल्यान!" "पाठीक डोळे आसत रे ह्येच्या!"

आबांचा चेहरा कोरा होता. "सुरमय एकच हुती," ते म्हणाले. "खंय तरी जावकच व्हयी."

मी बघितलं नव्हतं, मुद्दाम शेवटी थांबलो होतो, ही दुसऱ्या कुणाला द्या: हे सगळं माझ्या ओठांवर आलं. तोंड उघडलंही. आबा वाट बघत होते. मी तोंड मिटलं, खाली वाकलो, आणि सुरमई उचलली. ती निसटली. पुन्हा उचलली. पुन्हा निसटली. तोपर्यंत माझ्याबद्दल जो काही आदर उरला असेल तोही वाळूत मिसळला होता.

"शेपटेकडसून धर," आबा म्हणाले.

मी शेपटीकडून धरली. आबा उठले, समुद्राच्या पाण्यात हात धुतले, धोतराला पुसले आणि तांडेलाकडे वळले.

"उद्या जाळा खंयच्या अंगान टाकतलंस?"

"दक्षिणेक टाकूया म्हणतंय. तुमका काय वाटता?"

"वारो बघूया," आबा म्हणाले.